डावा कौल

दुक्मला नवा आलेला माणूस माझ्या दुकानात आधी सिगरेट मागतो, मग मोबाइलचं रिचार्ज. कपडे वाळत घालायचे चिमटे मी त्याला आपणहून दाखवतो. तो हसतो आणि नको म्हणतो. दोन दिवसांत त्याची बनियन समुद्राच्या दिशेने निघून गेली की तोच मुकाट्याने परत येतो. तेव्हा मी हसत नाही असं सांगणार होतो, पण खोटं कशाला बोला.

मी जैनुद्दीन, दाभोळच्या खाडीच्या उत्तरेकडचा. इथे ओमानात, कामगारांच्या कॅम्पसमोर अर्बाबचं, म्हणजे इथल्या मालकाचं दुकान आहे, ते मी चालवतो. डाळ-तांदळापासून हातमोज्यांपर्यंत सगळं मिळतं आणि करक चहा तर दिवसभर उकळत असतो. उद्या ह्या गल्ल्यावर इथलाच कुणी मुलगा बसेल. बसायलाच हवा, देश त्यांचा आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याला माझ्यासारखा चहा जमणार नाही, एवढंच वाटतं.

उन्हाळ्यात बाकीचं ओमान भट्टीत भाजून निघतं तेव्हा आमच्याकडे धुकं असतं. नैर्ऋत्येकडून वारा सुटतो आणि तीन-चार महिने थांबायचं नाव घेत नाही. गाव म्हणावं तर दुक्म अजून गाव नाही. सहा पदरी रस्ता आहे, त्यावर दिव्यांची रांग आहे आणि दिव्यांखाली उंट बसलेले आहेत. हॉटेलं आहेत, त्यांच्या खिडक्यांत उजेड असतो, आत माणूस क्वचित दिसतो. सगळं आधी बांधून ठेवलंय, माणसं मागाहून येणार आहेत. धुक्यात त्या रस्त्यावरून चालताना मला पुष्कळदा वाटतं, आपण दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नात पगारावर आहोत.

पूर्वी इथे कोळ्यांची घरं होती. मग बंदर आलं, रिफायनरी आली, तेलाच्या गोल टाक्या उभ्या राहिल्या. आता म्हणतात तेल काही जन्माला पुरायचं नाही. वारा आणि ऊन धरायचं, त्यातून वीज करायची, विजेने पाणी फोडून त्यातला गॅस काढायचा आणि तो जहाजांनी परदेशी पाठवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, वाऱ्यावरची वरात ऐकली होती, वाऱ्यावरचं दुकान पहिल्यांदाच ऐकतोय. मग आठवलं की माझे वडील जन्मभर गलबतावर होते. म्हणजे आमच्या घरची चूलसुद्धा वाऱ्यावरच पेटत होती.

आता शांतारामबद्दल सांगतो, कारण गोष्ट त्याची आहे.

शांताराम खाडीच्या दक्षिणेचा. फेरीबोटीने गेलं तर अर्ध्या तासात त्याचं घर, पण आमची ओळख झाली ती इथे, वाळूत. तो रिगर फोरमन आहे. क्रेनने अवजड माल उचलताना खाली उभा राहून हाताच्या खुणा करतो तो. त्याने मूठ मिटली की केवढीही मोठी क्रेन जागच्या जागी थांबते. वारा वाढला की काम थांबवायचं हेही त्याच्याच हातात. नाकाने वारा ओळखतो, असं सगळे म्हणतात.

टाक्यांसाठी जमीन सपाट करताना एक दगड निघाला होता. दुक्मचे दगड तसे चमत्कारिकच, वाऱ्याने कोरलेले. हा माणसाएवढा उंच, खांदे असलेला, मान जराशी कललेली. फोडून टाका म्हणून हुकूम होता. शांतारामने तो पट्ट्यात धरून अलगद उचलला आणि कॅम्पच्या मागे नेऊन पूर्वेकडे, समुद्राकडे तोंड करून उभा केला. आमच्या कोकणात जागा तिथे राखणदार. शेताला राखणदार, विहिरीला राखणदार, आंब्याला राखणदार. एवढ्या मोठ्या उजाड मुलखाला राखणदार नसेल हे शांतारामच्या डोक्यात मावेना. शेंदूर मात्र लावला नाही, नारळही फोडला नाही. परमुलखात कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही एवढी अक्कल त्याला होती. गूळ ठेवायचा. राखणदाराला बिडी लागते, ती इथे मिळत नाही, म्हणून सिगरेट ठेवायचा. ती माझ्याच दुकानातली असायची.

दरवर्षी श्रावणात त्याचं कंत्राट संपायचं आणि नवं सहीसाठी यायचं. सही करण्याआधी शांताराम दगडासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून सगळी हकिगत सांगायची आणि शेवटी मागणं मागायचं. प्रत्येक मागण्यानंतर मागच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गावी शेतातल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालताना मागून त्याची बायको वसुंधरा म्हणायची. इथे तो दगडाकडे एकटाच जायचा, म्हणून गाऱ्हाणंही तोच घालायचा आणि होकारही तोच भरायचा. वाऱ्याबरोबर ते दुकानापर्यंत यायचं आणि मला ऐकवायचं नाही. मी नमाजी माणूस, "व्हय म्हाराजा" मला म्हणता येत नाही. मग मी दुकानातून हळूच "आमीन" म्हणायचो.

मग तो कौल लावायचा. हॉटेलच्या कुंपणावरची बोगनवेलीची पाकळी पाण्यात भिजवून दगडाच्या छातीवर चिकटवायची आणि विचारायचं, "आता खलास करून कायमचा घरी जाऊ काय?" देवाच्या उजव्या हाताला पाकळी पडली तर जा. डाव्या हाताला पडली तर जाऊ नको. दुसऱ्याच्या पूजेकडे टक लावून बघू नये अशी आमच्या घरची शिस्त, म्हणून मी कधी तिकडे गेलो नाही. पण परत येणाऱ्या शांतारामच्या चेहऱ्यावरून मला कळायचं.

"डावा?"

"डावा."

"अरे, तुझा देव कंपनीच्या पगारावर हाय काय? दरवर्षी थांबच म्हणतो!"

शांताराम हसायचा, चहा प्यायचा आणि कंत्राटावर सही करायचा. घरी फोन करून सांगायचा, "वसू, डावा आला." पलीकडून वसुंधरा म्हणायची, "बरं." कोकणातली बाई कौलाशी वाद घालत नाही. त्या "बरं"मध्ये काय काय असायचं ते मला फोनच्या ह्या टोकालाही ऐकू यायचं, आणि मला राग यायचा. कुणाचा, ते मात्र ठरवता यायचं नाही.

ह्या वर्षी शिमग्याला शांताराम सुटीवर गेला होता. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा लग्न होऊन चिपळूणला गेली, घरात वसुंधरा एकटी. परत येताना त्याला निरोप द्यायला ती फेरीबोटीपर्यंत आली आणि म्हणाली, "आता घरात दोन माणसांचा आवाज पायजेल. ह्या वर्षी देवाला नीट विचारा." हे त्याने मला इथे आल्या आल्या सांगितलं, बॅगही खाली न ठेवता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण सांगताना चेहरा पोरासारखा झाला होता. त्याला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. फक्त पाकळीने हो म्हणायला हवं होतं.

आणि मग श्रावणाच्या तोंडावर शम्सा आली.

शम्सा ह्याच देशातली, निझवा शहराची. आजोबा तेलाच्या कंपनीत पहारेकरी होते, वडील सरकारी कचेरीत, आणि ही वारा मोजते. निझवाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, वडिलांचा हात धरून हिंदी दुकानदारांमध्ये वाढलेली, त्यामुळे हिंदी फर्डं बोलते. मागच्या वर्षी कॅम्पपलीकडच्या माळावर वारा मोजायचा उंच खांब उभा केला, तो शांतारामच्याच हाताखाली. तेव्हापासून ती आली की आधी माझ्या दुकानात चहा पिते आणि शांतारामला "चाचा" म्हणते. ह्या खेपेला ती वर्षभराचा हिशेब न्यायला आली होती. तो चांगला निघाला तर माळावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. शांतारामला नवं कंत्राट येणार होतं ते त्याच कामाचं.

दुपारची वेळ होती. बाहेर धुक्यात सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. शम्साने चहाला आलेल्या शांतारामसमोर काउंटरवर लॅपटॉप उघडला.

"चाचा, देखो. ये हवा का फूल है. जिधर से हवा ज़्यादा आती है, उधर की पंखुड़ी लंबी."

पडद्यावर एक फूल होतं खरं. पण त्याला एकच पाकळी होती, लांबलचक. बाकीच्या नुसत्या ठिपक्याएवढ्या.

"एक ही?" शांताराम म्हणाला. "मतलब ये हवा कभी दूसरे बाजू से नहीं आती?"

"सर्दी में आती है, थोड़ी-थोड़ी. लेकिन इस मौसम में? नहीं चाचा, बस इधर से उधर. इसी के लिए तो हम लोग आए. भरोसे की हवा है!" ती खुशीत होती. तिच्या देशाला पुढची पन्नास वर्षं पोसणारं फूल तिच्यासमोर उमललं होतं, का नसेल खुशीत.

शांतारामने ग्लास खाली ठेवला. उठून बाहेर गेला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. तोंड समुद्राकडे, पाठ दुकानाकडे, मान थोडी कललेली. मला वाटलं, दगडच चालत पुढे आलाय. वारा त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन आदळत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि सोडली. टोपी डावीकडे उडाली. पार धुक्यात गेली. तो तिच्यामागे गेला नाही.

मी चहाचं भांडं उतरवून बाहेर गेलो.

"जैनूभाय," तो म्हणाला, "दिवसभर वारा बघून क्रेन थांबवणारा माणूस मी."

"व्हय रे."

"मग देवासमोर उभा ऱ्हायलो की मला वारा दिसला कसा नाय?"

किती श्रावण, किती "बरं". सगळं आमच्या दोघांमध्ये त्या रस्त्यावर येऊन उभं राहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

"डिसेंबरात लाव कौल," मी म्हणालो. "तेव्हा वारा पडतो."

"सही परवा हाय."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, पण माणूस जाग्यावर नव्हता. क्रेनखाली नुसता उभा राहायचा, हात अर्धवट उचललेला. क्रेनवाला वरून वाट बघत बसायचा. संध्याकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "जैनूभाय, वाऱ्याला आडवी माणसं उभी केली तर?"

सहीच्या दिवशी पहाट सरली आणि आम्ही कॅम्पच्या मागे गेलो. धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाची नुसती पाठ दिसायची. खोल्याखोल्यांतून माणसं आली होती, कोकणातली, केरळातली, बिहारमधली; त्यांच्यातल्या कुणाकुणाचा जीव शांतारामने आजवर क्रेनखालून वाचवला होता. दगडाच्या उजव्या अंगाला आम्ही खांद्याला खांदा लावून अर्धवर्तुळ केलं, तोंड वाऱ्याकडे आणि पाठ देवाकडे. मी पूजेला उभा नव्हतो, मी वाऱ्याला आडवा उभा होतो. अल्लाला एवढा फरक कळतो.

तरी मधल्या फटींतून वारा येतच होता. तेवढ्यात धुक्यातून शम्साची मोठी गाडी आली आणि आमच्यापुढे आडवी लागली. काच जरा खाली झाली.

"मैं कुछ नहीं देख रही," ती म्हणाली. "गाड़ी पार्क करनी थी, यहाँ कर दी."

आणि वारा थांबला. म्हणजे बाहेर तो होताच, गाडीवर धडका देत होता, पण दगडाभोवती खोलीएवढी जागा शांत झाली. दुक्मला आल्यापासून मी असली शांतता ऐकली नव्हती. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. समुद्र कुठूनतरी खालून बोलत होता.

शांतारामने पाकळी लावली.

"बा देवा म्हाराजा! परमुलखातल्या राखणदारा! आजपावेतो तुझ्या-माझ्यात वारा बोलत व्हता, तो आज भायेर ठेवलाय म्हाराजा! लेकरू घरी जायाचा म्हणतंय. उजवा दे नायतर डावा दे, पण तुझ्या हातानं दे म्हाराजा!" मग थोडं थांबून, आवाज बदलून, त्याचं त्यानेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आम्ही उभे राहिलो. धुकं भुवयांवर साचून नाकावर ओघळायला लागलं. मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि माझी शिस्त मला वळू देत नव्हती. खूप वेळ गेला. शेवटी शिस्त गेली खड्ड्यात म्हणून मी वळून पाहिलं. पाकळी होती तिथेच होती. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. दगडाच्या ओल्या छातीवर ती जांभळी पाकळी जन्मापासून तिथेच असल्यासारखी बसली होती.

"कौल अडला," शांताराम म्हणाला.

"म्हणजे?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"गावात कौल अडला की गुरव विचारतो, मान कुणाचा ऱ्हायला? कुणाला तरी विचारायचा ऱ्हायलेला असतो. त्याचा मान दिल्याबिगर देव बोलत नाय." तो बोटांवर आठवायला लागला. "गूळ ठेवला. सिगरेट ठेवली. जाग्याच्या मालकाला सलाम केला. कंपनीला सांगितला. जैनूभायला विचारला. रेवाला, जावयाला सांगितला…"

तो थांबला. मला त्याचा चेहरा दिसत होता. एखाद्याला घरापासून लांब आल्यावर आठवावं की दार उघडंच राहिलंय, तसा.

त्याने खिशातून फोन काढला.

वसुंधरेने लगेच उचलला. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "काय हो, इतक्या सकाळी? लागला का कौल?" आवाज कोरडा होता, दरवर्षीचं "बरं" आधीच तयार ठेवलेला.

"वसू, इतकी वर्षं देव बोलतच नव्हता. वारा पाकळी पाडत व्हता. हितला वारा एकाच बाजूनं येतो."

पलीकडे तिने कोंबड्यांना हुसकावलं.

"म्हायत हाय मला," ती म्हणाली.

"कसा?"

"पयल्याच वर्षी तुम्ही मला फोनवर दगड दाखवलात. तुमच्या गळ्यातला रुमाल तेव्हा डावीकडं फडफडत व्हता. पुढच्या वर्षी पण तिकडंच. खाडीकाठची हाय मी, मला वारा कळत नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटला, तुम्हालाच ऱ्हायाचा हाय. तोंडानं नको म्हणवत नाय म्हणून देवाला पुढं केलात. देवाच्या आडून बोलणाऱ्या नवऱ्याला बायकोनं काय विचारावा?" मग आवाजातला कोरडेपणा गळून पडला. "दगडाला विचारलात. जैनूभावोजींना विचारलात. मी हितं उंबऱ्यात बसलेली. मला कधी विचारलात काय हो?"

रांगेतलं कुणी हललं नाही. मराठी न कळणारेही हलले नाहीत. शांताराम दगडासमोर उभा होता, पण आता त्याची पाठ दगडाकडे होती आणि फोन त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"आता विचारतंव," तो म्हणाला. "वसू, येऊ काय मी घरी? कायमचा?"

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. घेऊ दे की, मी मनात म्हणालो, इतकी वर्षं तिने वाट पाहिली, आता जरा आपण पाहू. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती हसली की रडली ते सांगता येणार नाही, पण शब्द स्पष्ट होते, शेतात मागे उभी राहून म्हणायची तसेच.

"व्हय म्हाराजा."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आमीन."

शम्साने गाडी सुरू केली आणि आमची भिंत मोडली. वारा आत शिरला, त्याने दगडावरची पाकळी उचलली आणि नेहमीसारखी डावीकडे नेली. शांतारामने तिकडे पाहिलंही नाही.